न उघडलेली पाकिटं

“बघून घ्या, जसं आलं तसं आहे,” म्हणत अर्ल प्रुइटने पाकीट टेबलावर टाकलं. “नॅडीन उघडायला निघाली होती. हातातून काढून घेतलं.”

“लेका, बायकोच्या हातातून काही काढून घ्यायची तुझी छाती?” बक म्हणाला आणि आपलं पाकीट त्यावर ठेवलं.

ओहायोतल्या त्या गावात निवृत्त ट्रक ड्रायव्हर दर मंगळवारी शार्लीनच्या हॉटेलात अंडी-कॉफीला जमत. आज वेंडेल होर्वाथ धरून दहा जण होते आणि बाकीच्या नवांनीही बंद पाकिटं आणली होती, मिरवायला. पेन्शनमध्ये कपात करावी का, यावर पेन्शन सांभाळणाऱ्या फंडाने टपालाने मत मागवलं, तेव्हा वेंडेलने फर्मान काढलं होतं: “कागदाला हात लावायचा नाही. मतंच आली नाहीत तर कापतील कशाच्या जोरावर?”

वेंडेल त्यांचा जुना युनियन प्रतिनिधी. एकोणऐंशीच्या संपात कंपनीने असेच मताचे कागद घरोघर पाठवले होते. एकही परत गेला नाही आणि पंधरवड्यात कंपनी वठणीवर आली. तेव्हापासून वेंडेलचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. पुढे त्यानेच सगळ्यांना पगारवाढ सोडायला लावली. ती पेन्शनमध्ये टाका, म्हातारपणी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही, म्हणाला. त्यांनी टाकली.

आज सकाळी त्याने युनियनच्या ऑफिसात फोन केला होता.

“कपात मंजूर झाली, ब्रदर,” तिकडचा माणूस म्हणाला. “आलेल्या मतांत नकारच जास्त होते. पण न आलेलं मत होकार धरायचं, असा नियम आहे. तिसऱ्या पानावर छापलं होतं, ब्रदर.”

युनियनमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर म्हणत; आज ते म्हणताना त्याची जीभ जराही अडखळली नाही. फंडाच्या मंडळावर कंपनीची माणसं होती तशी युनियनचीही होती. वेंडेलनेच घरोघर फिरून त्यांना निवडून आणलं होतं. कंपनीने गळा कापला असता तर त्याने चार शिव्या हासडल्या असत्या. घरच्यांनी कापल्यावर शिवीही सुचेना.

“बोल की,” अर्ल वेंडेलला म्हणाला. “जिंकलो ना?”

ऑफिसवर ढकलून मोकळं होता आलं असतं. वेंडेलने कॉफीचा मग बाजूला सारला.

“हरलो. न पाठवलेलं प्रत्येक मत त्यांनी होकार धरलं. पुढच्या महिन्यापासून पेन्शन निम्मी.”

शार्लीन कॉफीचं भांडं घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

“असं कुठं लिहिलं होतं?” बकने विचारलं.

“तिसऱ्या पानावर. मी दोनच पानं वाचली होती.”

“म्हणजे तू उघडलं होतंस.”

“हो.”

“आम्ही तेही केलं नाही,” बक म्हणाला. “तू वाचलंयस म्हणून.”

“चूक माझी आहे,” वेंडेल म्हणाला.

अर्लने ढिगातून आपलं पाकीट शोधलं, लोण्याच्या सुरीने सावकाश फोडलं आणि पहिल्या ओळीपासून बोट फिरवत वाचायला लागला. तिसऱ्या पानावर बोट बराच वेळ थांबलं.

“आता घर विकायचं, हे नॅडीनला सांगायला हवं,” तो म्हणाला. मग मान वर करून, “शार्लीन, पेन दे गं जरा.”

“आता काय उपयोग त्याचा, राजा?”

“नसू दे. मला नाही म्हणायचं होतं.”

त्याने ‘नाही’पुढच्या चौकोनात फुली मारली, सही केली, कागद घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला. बकने आपलं पाकीट उचललं. मग एकेकाने उचललं. सुरी फिरली, तिच्यामागून पेन फिरलं.

वेंडेलनेही आतल्या खिशातून आपला चुरगळलेला कागद काढून ताटलीशेजारी सरळ केला आणि पेनासाठी हात पुढे केला. बकने पेन त्याच्या ताटलीवरून पलीकडच्याला दिलं.