मधली दोन भोकं

पोस्टमनचं पोट त्याच्या आणि त्याच्या पायांच्या मध्ये ऐसपैस बसलं, तेव्हापासून त्याच्या बुटांच्या नाड्या त्याची बायको बांधत आली होती. बायको नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळायची. पाठीमागून नाड्यांनी आवळायचे राण्यांचे झगे म्हणजे तिचा हातखंडा. तिने आवळलेली राणी शेवटचा पडदा पडेपर्यंत ताठ उभी राहायची. नवऱ्यावर तर तिचा राण्यांपेक्षा जास्त जीव, त्यामुळे जोरही जास्त.

हल्ली मात्र दुपार झाली की पोस्टमनच्या पायांची बोटं बधिर व्हायची आणि पावलाच्या उंचवट्यात कळ उठायची. तो लंगडायला लागला, पत्रं उशिरा पोचायला लागली. शेवटी साहेब म्हणाले, "सोमवारी मी येतो तुमच्याबरोबर फेरीला. झेपलं तर ठीक, नाहीतर आत बसून शिक्के मारा."

गल्लोगल्ली हिंडणं, प्रत्येक दारात दोन शब्द बोलणं, ओळखीच्या कुत्र्यांशी भांडणं, यातच पोस्टमनचा जीव रमायचा. दिवसभर खुर्चीत बसायचं म्हणजे त्याला जन्मठेपच.

"वय झालं गं आता," तो घरी म्हणाला.

"वय कसलं डोंबलाचं! पाऊल हलतंय बुटात तुमचं!" असं म्हणत बायकोने नाड्या आणखी खेचल्या. त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण एवढ्या मायेला नको कसं म्हणायचं?

नेमकी सोमवारी कंपनीची रंगीत तालीम निघाली आणि बायको सकाळीच गेली. पोस्टमनने पाय खुर्चीवर चढवला, श्वास रोखला, पोटाची मनधरणी केली आणि खालच्या भोकांत नाड्या कशाबशा ओवल्या. मधल्या दोन भोकांपाशी येईपर्यंत त्याला धाप लागली. "मरू देत!" म्हणून त्याने ती तशीच सोडली, नाड्या सरळ वरच्या भोकांत घातल्या आणि गाठ मारली. दुसऱ्या बुटाचीही तीच गत.

पहिली गल्ली संपली तरी कळ आली नाही. दुसऱ्या गल्लीत त्याने भीतभीत बोटं हलवून पाहिली. हलली! जिची त्याने आशाच सोडली होती ती करंगळीसुद्धा हलली. समोरून एक आजी येत होत्या. त्यांचा हात धरून तो म्हणाला, "आजी, माझी करंगळी जागी झाली!"

"बरं झालं हो. जपा तिला," आजी म्हणाल्या आणि जरा लगबगीनेच पुढे गेल्या.

मग पोस्टमन कुणाला आवरेना. तो जिने पळत चढला, पळत उतरला. एका कुत्र्याला त्याने वाकुल्या दाखवल्या, तेव्हा कुत्रंच बिचकलं.

"अहो, पत्रं आहेत ती! आग नाही लागलेली कुठे!" साहेब मागून ओरडले. शेवटी एका पायरीवर त्यांनी बसकण मारली आणि घाम पुसत म्हणाले, "फेरी तुमचीच. शिक्के मी मारतो."

पोस्टमन शीळ घालत घरी निघाला आणि दारात त्याची शीळ विरली. बायकोला सांगायचं काय? तुझ्याच हातांनी पाय आवळले म्हणून? बूट झटपट काढून टाकावेत म्हटलं, तर पोट आडवं आलं. तेवढ्यात ती बाहेर आली.

"हे काय? मधली भोकं रिकामी?"

तिने गाठ सोडली, मोजा उतरवला. पावलाच्या उंचवट्यावर नाड्यांचा जुना काळपट वळ होता. तिने त्यावरून अंगठा फिरवला.

"तुझं काही चुकलं नाही गं," तो घाईघाईने म्हणाला. "माझं पाऊलच मेलं उंच."

"राण्या कशा ओरडतात माझ्या अंगावर! तुम्हाला तोंड नव्हतं?"

"तू इतकी मन लावून आवळायचीस..."

"वेडे आहात," ती म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी त्याच्यापुढे बसली. खालची भोकं ओवली, मधली सोडली, वर गाठ मारली. मग हात तसाच ठेवून तिने मान वर केली. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच विचारलं, "लागतंय का कुठे?"

"नाही" हा शब्द त्याच्या ओठांवर आलाच होता. तो त्याने गिळला.

"वर जरा सैल कर," तो म्हणाला.