फक्त वडिलांना कळवा

लिफ्टवाले चर्चमध्ये जायचे ते पत्रासाठी, आणि ही गोष्ट ते कुणापासून लपवतही नव्हते. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे, म्हणून सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणत. बायको होती तोवर तिच्यासोबत जात, शेवटच्या बाकावर बसत आणि उपदेश लांबला की छताच्या पंख्याचं बेअरिंग किती वाजतंय ते ऐकत राहत. बायको गेली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे काही यायचे नाहीत. पण ते येत राहिले. कारण महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे त्यांच्या मुलीचं पत्र वाचलं जायचं.

मुलगी मिशनरी होती. ही प्रेस्बिटेरियन मंडळी, म्हणजे या चर्चचा समुदाय, तशी लहानशी, सगळी मिळून साठ-सत्तर घरं. पण दोन मिशनरींचा भार मंडळीने आपल्या अंगावर घेतला होता. एक घरचा, म्हणजे याच देशात दगडखाणींच्या वस्त्यांमधून मोटरसायकलवर फिरणारा. आणि दुसरी ही, समुद्रापलीकडच्या एका मिशन इस्पितळात कृत्रिम पाय बनवणारी. दोघांचे फोटो दाराशेजारच्या फळ्यावर लावलेले होते. दर तीन महिन्यांनी बायका दोघांसाठी खोकी भरायच्या: औषधं, हातमोजे, विणलेले मोजे. मुलीच्या खोक्यात लिफ्टवाले हळूच एखादी बारीक कानस नाहीतर नवा पाना सरकवून द्यायचे. चिठ्ठी नाही, काही नाही. कुणी पाठवलाय ते तिला कळायचं. पाना कसा धरायचा हे तिला त्यांनीच शिकवलं होतं, ती सात वर्षांची असताना.

पाच वर्षांपूर्वी तिने जायचं ठरवलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. "लोकांचे पाय काय इथे तुटत नाहीत?"

"तुटतात. पण इथे बनवणारे आहेत, पप्पा."

यावर लिफ्टवाल्यांचा पारा आणखीच चढला. तिच्या निरोपाच्या उपासनेला ते गेले नाहीत. कुठेतरी लिफ्ट अडकलीय असं सांगून घराबाहेर पडले, आणि ती अख्खी सकाळ त्यांनी एका इमारतीच्या गच्चीवर, उत्तम चाललेल्या मोटारीला ग्रीस लावत काढली.

तेव्हापासून फोन तिनेच करायचा, असं न बोलताच ठरून गेलं. पंधरा-वीस दिवसांनी तिचा फोन यायचा.

"जेवलात?"

"जेवलो."

"गोळ्या?"

"घेतो."

"बरं, ठेवू मग?"

"ठेव."

आणि फोन ठेवला की त्यांना सांगायच्या दहा गोष्टी आठवायच्या. त्या मग ते स्वयंपाकघरात एकट्यानेच, भांडी घासता घासता, पुटपुटत बसायचे.

या खेपेला पाच आठवडे झाले तरी फोन आला नव्हता. तिकडची लाइन नेहमीचीच रडकी, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. म्हणजे घेतलं नाही असं ते स्वतःला सांगत होते. खिशातून फोन दिवसातून वीस वेळा निघायचा आणि परत खिशात जायचा. तो नंबर आपण लावावा असं एकदाही मनात आलं नाही असं नाही. पण बोट बटणापर्यंत जाऊन मागे यायचं.

त्याच दिवसांत चर्चमध्ये एक विचित्र प्रकार सुरू झाला. या मंडळीचा कारभार पाहायला सभासदांनी आपल्यातलेच तिघे निवडलेले होते, आणि अशा माणसांना तिथे 'वडील' म्हणायची रीत आहे. वयाचा काही संबंध नाही. तिघांतला सर्वांत धाकटा तर मुलीच्या वर्गात होता, तरी लहानथोर सगळे त्याला वडील म्हणत. लिफ्टवाले चेष्टेने म्हणायचे, "माझे वडील जाऊन तीस वर्षं झाली, आणि इथे येऊन बघतो तर आणखी तीन!"

तर या तिघांना अचानक लिफ्टवाल्यांचा पुळका आला. सर्वांत जुने वडील, ज्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, दाराशी हात मिळवायचे ते सोडायचेच नाहीत. दुसऱ्यांनी फळांची टोपली घरी पाठवली. धाकट्याने तर जिन्यात गाठून विचारलं, "काका, झोप लागते ना नीट?" लिफ्टवाल्यांनी घरी येऊन आरशात तोंड पाहिलं. आपण आजारी दिसतो की काय? तसं काही वाटेना. मग त्यांनी अंदाज बांधला की आपल्याला कुठल्यातरी समितीत ओढायचा यांचा डाव आहे, आणि पुढच्या रविवारी ते मुद्दाम बाजूच्या दाराने बाहेर पडले.

मग महिन्याचा पहिला रविवार आला. पत्र वाचायला सेक्रेटरीबाई उभ्या राहिल्या. बाई निवृत्त शिक्षिका. आवाज खणखणीत, एक अक्षर वाया जायचं नाही.

"प्रिय मंडळी, पत्राला उशीर झाला, क्षमा करा. मला मलेरिया झाला होता आणि तो मेंदूपर्यंत गेला. पहिले चार दिवस बरे होते, पुढचे अकरा दिवस मी कुणाला ओळखत नव्हते. आता काठी धरून व्हरांड्यापर्यंत जाते. पाय बनवणारीलाच चालायला शिकावं लागतंय, म्हणून इथले पेशंट माझी भरपूर थट्टा करतात…"

बाकांवरून हाय हाय झालं. कुणी तोंडाला पदर लावला, कुणी वळून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. लिफ्टवाले मात्र बघत होते दुसरीकडेच. पहिल्या रांगेत तिघे वडील बसले होते. त्यांच्यातला एकही चमकला नव्हता. तिघांनी फक्त माना खाली घातल्या होत्या. आधीच माहीत असलेली बातमी ऐकताना माणूस घालतो तशा.

शेवटच्या गीताला सगळे उभे राहिले, लिफ्टवाले बसूनच होते.

ऑफिसची खोली म्हणजे गीतपुस्तकांचं एक कपाट, एक टेबल आणि कधीच न मिटणारी एक खिडकी. लिफ्टवाले आत शिरले आणि दाराशीच थांबले.

"बाई, हे तुम्हाला कधी कळलं?"

"महिना होत आला. तिकडच्या डॉक्टरांचा फोन आला होता. आपल्याकडचेच आहेत, मराठी बोलतात." बाईंनी आवाज मऊ केला. "फार कठीण दिवस गेले हो तुम्हाला."

"मला आज कळलं."

बाई बघतच राहिल्या. "असं कसं? मला वाटलं, तुम्हाला त्यांनी थेट कळवलं असेल. माझ्याकडे फक्त वडिलांसाठी निरोप होता." त्यांनी ड्रॉवरमधून वही काढली. फोनवरचे निरोप त्या शब्दन् शब्द लिहून ठेवायच्या. वही फिरवून त्यांनी लिफ्टवाल्यांपुढे धरली. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: शुद्ध हरपण्याआधी तिने सांगितले आहे, मंडळीला इतक्यात घाबरवू नये, फक्त वडिलांना कळवा.

"मी त्याच संध्याकाळी तिघांच्या घरी जाऊन आले," बाई म्हणाल्या. "एकाचं दार बंद होतं तर बाहेर तासभर थांबले. फक्त वडिलांना म्हणजे—"

त्या थांबल्या. आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवलेल्या बाई. त्यांचं बोट त्या शब्दावर तसंच टेकलेलं राहिलं, आणि चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

"मी तिचा कोण लागतो, बाई?" लिफ्टवाल्यांनी विचारलं. ओरडले नाहीत. खरंच विचारावं तसं विचारलं.

बाईंनी वही मिटली. एव्हाना चष्मेवाले वडील दारात येऊन उभे राहिले होते. सगळं कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते म्हणाले, "आम्ही तिघं रोज सकाळी सहाला इथे येत होतो. गुडघ्यांवर, प्रार्थनेला. आणि तुमच्याबद्दल आपसांत म्हणायचो की काय धीराचा माणूस आहे, चकार शब्द काढत नाही."

"धीर कसला!" लिफ्टवाले म्हणाले. "मला माहीतच नव्हतं."

बाईंनी हात जोडले. जेवायला घरी चला म्हणाल्या, चष्मेवाले सोबत येतो म्हणाले. दोघांनाही नको म्हणून ते निघाले. रागवावं तर कुणावर? तीन भली माणसं महिनाभर पहाटे उठून त्यांच्या मुलीसाठी गुडघे झिजवत होती. त्यांच्यावर रागवायचीही सोय नव्हती, आणि त्यामुळे जास्तच एकटं वाटत होतं.

घरी येऊन त्यांनी पहिल्यांदा तो नंबर स्वतः लावला. पलीकडे एक बाई न कळणाऱ्या भाषेत तेच तेच सांगत राहिली. रेकॉर्ड केलेली. त्यांनी पुन्हा लावला. दिवे लागेपर्यंत लावत राहिले. जेवण तसंच झाकून राहिलं.

फोन लागला तो दुसऱ्या दिवशी, अकरा मजली इमारतीच्या गच्चीवर. मशीन रूमच्या दाराशी रेंज बरी यायची. एका हातात तेलाचं फडकं, दुसऱ्या हातात फोन.

"पप्पा?"

त्यांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"पप्पा, तुम्ही केलात?"

"मी केला."

मग ती म्हणाली, "मला वाटलं, तुमचा राग अजून गेला नाही. सिस्टर रोज सांगायची, घरी कळवलंय, घरी कळवलंय. शुद्धीवर आल्यापासून मी फोन उशाशी घेऊन झोपायचे. मग वाटलं, नसेल करायचा त्यांना. मग मीही नाही केला."

"मला कळलंच नाही गं पोरी." आणि त्यांनी सगळं सांगितलं. बाईंची वही, तिघे वडील, फळांची टोपली. पलीकडे हसू फुटलं. खोकत खोकत, दम लागेपर्यंत ती हसली.

"म्हणजे तिन्ही वडिलांना कळलं…"

"आणि चौथा लिफ्टच्या खड्ड्यात."

मग ते हसणं कुठेतरी फाटलं आणि ती रडायला लागली. लिफ्टवाल्यांनी तिला रडू दिलं. डोळे पुसायला हात वर नेला तर हातात तेलाचं फडकं.

"किती दिवस अजून तिकडे?" शेवटी त्यांनी विचारलं. खरं विचारायचं होतं ते वेगळंच. परत ये, हे दोन शब्द पाच वर्षं त्यांच्या घशात अडकून बसले होते.

"तीन वर्षं. आजारी पडायच्या आधीच हो म्हणून बसले." ती थांबली. "सतरा जण पायांसाठी थांबलेत, पप्पा. एक तर अगदी लहान मुलगा आहे, रोज दाराशी येऊन बसतो."

तेवढ्यात खालच्या कुठल्यातरी मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं. मागे खटका पडला आणि मोटार फिरू लागली.

"ब्रेक घासतोय तुमचा," ती म्हणाली.

लिफ्टवाल्यांनी वळून कान दिला. घासत होता. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"बदलतो उद्या," ते म्हणाले. आणि मग, "बरं. तीन तर तीन. जपून राहा."

पुढच्या महिन्यापासून सेक्रेटरीबाई पत्र शनिवारीच त्यांच्या घरी आणून देऊ लागल्या. "आधी तुम्ही वाचा, मग मंडळी," म्हणाल्या, आणि उंबऱ्यातूनच परत गेल्या. त्यात एक तोटा झाला. रविवारी बाई तेच पत्र खणखणीत वाचायला लागल्या की लिफ्टवाल्यांना पुढचं वाक्य आधीच ठाऊक असायचं. पूर्वी त्या पाच मिनिटांसाठी ते महिनाभर थांबायचे. आता ती पाच मिनिटंही इतर पाच मिनिटांसारखी झाली. हे त्यांनी बाईंना कधी सांगितलं नाही.

फोन मात्र आता ते स्वतः लावतात. दर शनिवारी दुपारी चारला, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. बहुतेक वेळा लागत नाही. मागच्या शनिवारी लागला, पण उचलला दुसऱ्याच कुणीतरी. वॉर्डातली बाई असावी. तिने तिच्या भाषेत काहीतरी विचारलं, यांनी आपल्या भाषेत मुलीचं नाव सांगितलं. ती हसली, पुन्हा काही म्हणाली, आणि फोन कुठेतरी ठेवून निघून गेली. बंद न करताच.

लिफ्टवाले कानाला फोन लावून पलंगाच्या कडेला बसून राहिले. पलीकडे भांडी वाजत होती. एक मूल किरकिरत होतं. कानस घासल्यासारखा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता. मग लांबून तिचा आवाज आला. ती कुणालातरी त्या परक्या भाषेत काहीतरी समजावत होती, सावकाश, तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत. त्यांना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी हाकही मारली नाही. लाइन कटेपर्यंत ते ऐकत राहिले.