आमची मोजणी कुणी करायची?

बारक्या सहा फूट उंच आहे, पण घरातलं शेंडेफळ म्हणून नाव पडलं ते पडलं. माझा धाकटा दीर. त्याला बँकेत मी चिकटवलं, त्यामुळे त्याचं बरंवाईट माझ्या डोक्यावर, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

चिकटवलं म्हणजे नोकरीला नव्हे हं. ही गुंतवणुकीची बँक, देशोदेशी कारभार, आणि आम्ही दोघं तिथे कंत्राटी. मी त्यांचे प्रोग्रॅम तपासते, बारक्या तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये केबल ओढतो. त्यातही बाकीच्या कंत्राटी लोकांना कुठली तरी कंपनी पाठवते, त्यांच्यावर तिचा सुपरवायझर असतो. आम्ही सुटे. सुट्या माणसाला बँक उभं करत नाही, म्हणून दोघांनी आपापली कंपनी काढलीय. माझ्या कंपनीत मी एकटी, त्याच्या कंपनीत तो एकटा. "मालकही तूच, नोकरही तूच, मग ओरडतेस कुणावर?" असं नवरा विचारतो. त्याच्यावर, आणखी कुणावर!

त्या दिवशी जेवणाच्या जरा आधी भोंगा वाजला. सगळ्यांना वाटलं, आगीची नेहमीची कवायत. कुणी कॉफीचा कप घेऊन निघालं, कुणी कोट शोधत बसलं. मीही कुरकुरतच उठले. जिन्यात जळक्या वायरचा वास आला. वास खालून येत होता.

बाहेर पार्किंगमध्ये सगळे घोळक्या-घोळक्यानं उभे राहिले. आमच्या विभागाचे साहेब आपली माणसं मोजत होते, सुपरवायझर आपापली. मी टाचा उंच करून बारक्याचं डोकं शोधत होते. एरवी ते कुठेही दिसतं. लग्नाच्या फोटोत आम्हा सगळ्यांच्या वर तेच असतं. तिथे दिसेना.

फोन लावला. वाजला, वाजला आणि बंद झाला. वाजणारच, सर्व्हर रूममध्ये फोन नेऊ देत नाहीत, बाहेरच्या कप्प्यात ठेवावा लागतो. आणि आत मशीनचा आवाज इतका, की कानावर आवाज अडवणारे मफ लावून, केबलसाठी फरशीखाली सोडलेल्या पोकळीत आडवं व्हायचं. भोंगा ऐकू येणार कुठून?

तेवढ्यात अग्निशामक दलाचा अधिकारी आला. "आग सर्व्हर रूममध्ये आहे. आग विझवायचा गॅस सुटलाय, दार बंद झालंय. आत कुणी आहे का?"

"कुणी नाही," साहेब म्हणाले. "मोजणी पूर्ण आहे."

"मग दार उघडत नाही. हवा आत गेली तर पुन्हा पेट घेईल."

त्या खोलीत पाणी मारत नाहीत, मशीन खराब होतात. गॅस सोडतात. गॅस हवेला हुसकावतो आणि आगीचा श्वास कोंडतो. माणसाचा कोंडायला काय वेगळं लागतं?

मी साहेबांची बाही धरून ओढली. "साहेब, आत माणूस आहे. माझा दीर. केबलवाला."

"अहो, मी स्वतः मोजलंय. सगळे आहेत."

"मला धरून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घोळक्याकडे. ओठ हलले, बहुधा पुन्हा मोजत असावेत. "तुम्ही आमच्यात नाही ना येत," ते शेवटी म्हणाले. काही टाकून बोलायचं म्हणून नाही बोलले, खरोखरच नियम सांगत होते. "तुमची मोजणी तुमच्या कंपनीनं करायची."

माझी कंपनी म्हणजे मी. आणि बारक्याची कंपनी खाली फरशीखाली पडली होती. त्याला मोजणारा तोच, आणि तोच आत! मी इथे नसते तर? घरी सर्दीनं झोपले असते तर? संध्याकाळपर्यंत कुणी विचारलंही नसतं.

मी धावत जाऊन त्या अधिकाऱ्यापुढे उभी राहिले आणि बोंब ठोकली. "आत माणूस आहे! दार उघडा!"

त्यानं साहेबांकडे पाहिलं. "या तुमच्या कोण?"

"आमच्या कर्मचारी नाहीत या," साहेब म्हणाले. "आणि दार उघडलं आणि सगळी मशीन गेली, तर..."

"मशीन गेली चुलीत!" मी किंचाळले. आजवर त्यांच्यापुढे खाली मान घालून 'हो सर' म्हणणारी मी. पुढच्याच आठवड्यात माझं कंत्राट त्यांच्याच सहीनं वाढायचं होतं. "माझ्या सासूला काय सांगू? मोजणी पूर्ण होती म्हणून? अहो दादा, तुमच्या पाया पडते, माझं ऐका. सहा फुटाचा माणूस आहे. फरशीखाली असेल. खोटं निघालं तर मला तुरुंगात टाका!"

अधिकाऱ्यानं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग साहेबांना काही न विचारता दोन जवानांना हाक मारली. तोंडाला हवेचे मास्क लावून ते आत गेले.

नंतरचा वेळ कसा गेला ते मला विचारू नका. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी दाराकडे. रडूही येत नव्हतं.

त्यांनी त्याला खांद्यावर आणलं. लांबलचक पाय लोंबत होते. मला वाटलं, संपलं. जवानानं त्याला खाली ठेवून नाकावर हवेची नळी लावली. एकदा, दोनदा काहीच नाही. मग तो खोकला. असा खोकला, की आणखी खोक रे बाबा, असं मी मोठ्यानं म्हणाले.

जरा वेळानं त्यानं डोळे उघडले. मी मांडीवर त्याचं डोकं घेऊन बसले होते. साहेब पलीकडे उभे होते, पांढरेफटक. त्यांना चार शब्द सुनवायचे मी ठरवूनच टाकलं होतं.

"वहिनी," बारक्याचा आवाज कसाबसा निघाला. "उठायला गेलो तर पायच उचलेना. मग म्हटलं, घाबरायचं नाही. बाहेर मोजतील तेव्हा आपण कमी पडूच. येईलच कुणीतरी."

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. जिभेवर आलं होतं सगळं. पण बारक्याचे हात इतके थरथरत होते, की दिलेलं पाणी शर्टावरच सांडत होतं.

"हो रे," मी म्हणाले. "लगेच लक्षात आलं सगळ्यांच्या."

"बघ," तो म्हणाला आणि डोळे मिटून हसला. "मोठी बँक आहे. उगाच घाबरतेस तू."