काळ्या दोऱ्याखाली तुंबलेली मी

मित्रांनो, मी एक जुनी लसिकावाहिनी आहे. लातुरात शिकवणीच्या पोरांची खानावळ चालवणाऱ्या कमलम्माच्या डाव्या पावलातून निघते आणि पिंढरीतून वर जाते. रक्तवाहिनीवर तुम्ही पानंच्या पानं लिहिता. माझ्या वाट्याला एका गुणाचा प्रश्न, तोही सोडला तरी चालणारा!

मांसात साचलेलं पाणी उचलून हृदयाकडं पोचवणं हे माझं काम. माझी भिंत पेशींची. शेजारणी-शेजारणी हात धरून उभ्या. पाणी भिंतीला घासून वाहिलं की प्रत्येकीला निरोप पोचतो, धरून ठेव, सोडू नको. वाहणं थांबलं की निरोप मंदावतो, हात सैल होतात आणि उचललेलं पाणी पुन्हा गळतं.

लातुरात येण्याआधी, निलंग्याकडं गावी काय दिवस होते! कमलम्मा उसाच्या बांधावरून झपाझप चालायची, पिंढरी मला पिळायची आणि मी खळखळ वाहायचे.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. घर पडलं, ती वाचली. आईनं तिच्या डाव्या घोट्याला राखणीचा काळा दोरा बांधला. दर वर्षी त्याच दिवशी नवा फेरा घालायचा, जुना तोडायचा नाही. पुढं लातुरात दिवसभर चुलीपुढं उभं राहणं आलं. पाय सुजला, दोरा रुतला, मी तुंबले. पाय गेला तर खानावळ गेली, हे तिलाही कळत होतं. म्हणून कुणाला सूज दिसू नये असा ती पाय लुगड्यानं झाकायची.

पोरं माझंच नाव घोकत जेवायची. आकृती वहीत, पाय ताटासमोर. डोळे फुटले होते काय सगळ्यांचे?

एक दिवस सुजलेल्या पायात चप्पलच जाईना. खानावळीत जेवणारी अर्धापूरची मनस्विनी हसली, "मावशी, एकाच चपलेवर?" मग खाली वाकली. सुजेवर बोट दाबलं. खड्डा तसाच राहिला. ती हसायची थांबली.

"मावशी, दोरा काढा."

"येडी का गं? भूकंपात ह्यानंच राखलंय मला."

"दोरा तर भूकंपानंतर बांधला की ओ!"

 कमलम्मा खुदकन हसली. "लई शिकलीस. आण कात्री. पण फेकायचा न्हाई हां."

तो दोरा आता खानावळीच्या दाराला आहे. डॉक्टर म्हणाले, पाय पहिल्यासारखा होणार नाही, पण उभा राहील. रोज पट्टी बांधून ती चालते. परवा पाणी सरकलं आणि कितीतरी वर्षांनी माझ्या भिंतीत तो निरोप फिरला, धरून ठेव.

मित्रांनो, माझी आकृती खुशाल काढा. पण त्याआधी, तुम्हाला भाकरी वाढणारीच्या पायांकडं एकदा बघा.