जिन्याखालचा खटका

आमच्या घरात लाइटचा बोर्ड जिन्याखाली आहे. त्यातला सेफ्टी स्विच पडला, की बोर्डाकडे कुणी बघायचं नाही, सगळे जिन्याकडे बघायचे. कारण जिन्याच्या वर मी राहते. वरच्या मागच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं, दोन मशिनी आणि वाफेची एक इस्त्री. खाली मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलगी भिंगरी. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून भिंगरी. आता नोकरी करते, लग्न ठरलंय, तरी नाव तेच.

स्विच पडला की पंखे गप्प, मिक्सर गप्प, आणि जाऊबाईंचा आवाज तेवढा चालू. 'केलीस का गं परत इस्त्री?' आणि वाईट म्हणजे केलेली असायची. सकाळी मी इस्त्रीचं बटण दाबायचं आणि घर बंद पडायचं. मग मी निमूट प्लग काढायचा, भाऊजींनी खाली खटका वर ढकलायचा, की सगळं सुरळीत. दुपारी तीच इस्त्री तासन्‌तास चालते आणि काही होत नाही, हे मी सांगून बघितलं. जाऊबाई म्हणाल्या, दुपारी थकत असेल ती.

एकदा वायरमन आणला. पण आमच्या सासऱ्यांनी घराला एक नियम लावून दिलेला होता. लाइट गेली रे गेली, की ज्यानं त्यानं आपापल्या खोलीतलं सगळं बंद करायचं, नाहीतर परत येताना झटक्यानं वस्तू जळतात. सासरे जाऊन वर्षं झाली, नियम राहिला. वायरमन बोर्डापाशी पोचेपर्यंत घरातली एकूण एक वस्तू बंद झालेली होती. बंद वस्तूंत त्याला काय सापडणार? त्यानं खटका वर केला, तो राहिला, माझी इस्त्री एकटी लावून बघितली, तीही चालली. डोकं खाजवत तो म्हणाला, इस्त्री जरा जास्तच ओढते वाटतं. झालं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं ते निघालंच.

हेही मी गिळलं असतं. पण एका सकाळी माझ्याकडे दोन बायका मापाला आल्या होत्या. लाइट गेली, आणि जाऊबाई जिना चढून थेट दारात आल्या. त्या बायकांकडे बघत म्हणाल्या, "जपून बसा हं. एक दिवस हिची इस्त्री हे घर जाळणार आहे." दुसऱ्या दिवशी दोघींनी आपलं कापड परत नेलं. त्याच रविवारी खाली बैठक बसली आणि ठरलं, की महिनाअखेर मशिनी घरातून हलवायच्या. मागची खोली पाहुण्यांना होईल, आता भिंगरीच्या सासरची ये-जा असणार. आमचे हे मान डोलावत बसले होते. घरात भांडण नको म्हणे. भांडण नको तर बायकोची खोली द्यावी, म्हणजे शांतता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खोली माझी कमाई होती, आणि खरं सांगायचं तर दिवसातले आठ तास कुणाची सून, जाऊ, बायको नसण्याची ती एकच जागा होती.

एक दिवस सगळे बाहेर गेले आणि मी बोर्ड उघडला. सगळे छोटे खटके खाली पाडले, सेफ्टी स्विच वर केला. मग एकेक खटका चढवत गेले आणि घरातली एकेक वस्तू चालू करून वर इस्त्री लावत गेले. प्रत्येक वेळी जिना वर, जिना खाली. इस्त्री आणि फ्रिज, काही नाही. इस्त्री आणि मिक्सर, काही नाही. मशिनी, पंखे, पाण्याचा पंप, सगळं गोडीगुलाबीनं चाललं. शेवटी राहिला खालच्या बाथरूममधला गिझर, जाऊबाईंचा. आमच्याकडे वर पाणी गॅसवर तापतं, त्यामुळे त्याच्या वाटेला मी कधी गेले नव्हते. तो एकटा लावला, चालला. पाणी तापू दिलं, वर जाऊन इस्त्रीचं बटण दाबलं, आणि खाली 'खट्' झालं. परत केलं. परत 'खट्'. माझी जुनी, साधी इस्त्री लावली, तरी 'खट्'.

मग वायरमनला फोन केला. तो म्हणाला, प्रत्येक वस्तूतून थोडा थोडा करंट गळतो, आणि तो स्विच सगळ्यांची गळती एकत्र मोजतो. गिझरची कॉइल गेलेली दिसते, तिनंच भांडं काठोकाठ भरतंय. तुमच्या इस्त्रीचा थेंब पडला की सांडतं. गिझर वापरू नका, असंही तो म्हणाला. हे मी ऐकलं. नीट ऐकलं.

मी हसत जिन्यात जाऊन बसले, त्या यायची वाट बघत. काय काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. जाऊबाई आल्या, हातात पिशव्या. मला बघताच म्हणाल्या, "बरं झालं भेटलीस. मशिनी कधी हलवतेस? खोलीला रंग लावायचाय." चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

घोकलेलं सगळं मी परत गिळलं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? गिझर दुरुस्त, विषय संपला. माझ्याकडे कुणी माफी मागितली नसती, त्या दोन बायका परत आल्या नसत्या. मनात म्हटलं, इतके दिवस इस्त्रीनं घर बंद पडतं म्हणत होता ना, आता बघाच कसं पडतं ते.

दुसऱ्या दिवसापासून मी कान जिन्याला लावून बसायला लागले. बाथरूमची कडी वाजली, बादली भरली, पाण्याचा आवाज थांबला, म्हणजे माणूस साबणात. तेवढ्यात बटण दाबायचं. 'खट्'. लगेच प्लग काढायचा, इस्त्री कपड्यांच्या ढिगामागे, आणि हातात सुईदोरा. जाऊबाई धापा टाकत वर यायच्या, तर मी खिडकीपाशी शांतपणे हेम घालत बसलेली. "इस्त्री तर मी बंदच केलीय ताई, तुम्हाला त्रास नको म्हणून," मी म्हणायचे. त्यांच्या तोंडावरची ती अवस्था बघायला मी रोज सकाळची वाट बघायचे. कधी भाऊजी सापडायचे, कधी भिंगरी, पण खरा नेम जाऊबाईंवर. इतकी मजा मला लग्नाच्या वर्षातसुद्धा आली नव्हती. करंट जास्त गळला तर तो स्विच पडतो, त्याचं कामच ते, मग कुणाला काय होणार, असं माझं मी ठरवून टाकलं होतं.

मग भिंगरीच्या होणाऱ्या सासूबाई दोन दिवस राहायला आल्या. जाऊबाईंनी घर चकचकीत केलं होतं. सकाळी विहीणबाई अंघोळीला गेल्या आणि मी डोक्याला साबण लागेपर्यंत दम धरला. 'खट्'. अंधारी बाथरूम, आतून हाका, बाहेर जाऊबाईंची तारांबळ. खटका वर झाला, मी पुन्हा पाडला. विहीणबाई केसांत फेस घेऊनच बाहेर आल्या आणि फार गोड आवाजात त्यांनी विचारलं, तुमच्याकडे हे नेहमीचंच का? मी वर तोंडात पदर कोंबून हसले. उट्टं निघालं होतं. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण चटक लागली की थांबतं कोण?

दुसऱ्या सकाळी पुन्हा कडी वाजली. बादली भरली, पाणी थांबलं. मी बटण दाबलं.

काहीच झालं नाही. पंखा फिरत राहिला, खाली मिक्सर घुरघुरत राहिला. बटण बंद करून परत दाबलं. इस्त्री आपली तापत होती. वाटलं, घाबरून गार पाण्यानं अंघोळ करतायत की काय. बघायला म्हणून जिन्यात आले, तर विहीणबाई खाली खुर्चीवर चहा पीत बसलेल्या, केस विंचरलेले. आणि जिन्याखाली भाऊजी हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बोर्डाचं दार लावत होते. माझ्याकडे बघून खुशीत म्हणाले, "आता नाही पडायचा. त्याला मधून काढूनच टाकला. तार थेट जोडली."

मी विचारलं, आत कोण आहे? आणि आतून भिंगरीचा आवाज आला, "आई, नळाला हात लावला की झिणझिण्या येतायत गं."

जिना मी उतरले की पडले, आठवत नाही. भाऊजींना कोपरानं ढकललं आणि मेनचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला. सगळं घर गप्प झालं.

"आता हातानं बंद करायला लागलीस का?" जाऊबाई म्हणाल्या.

"गिझरमधून करंट येतोय. तिला बाहेर काढा आधी."

"तुला काय माहीत?"

"गिझर चालू असला की माझ्या इस्त्रीनं स्विच पडतो. नसला की नाही पडत. मी करून बघितलंय."

"कधी?"

काल, असं म्हणता आलं असतं. पण भिंगरी टॉवेल गुंडाळून दारात उभी होती, ओले केस, उजवा हात डाव्या हातानं चोळत. तिच्यासमोर मला खोटं सुचलं नाही.

"मागच्या आठवड्यात," मी म्हटलं.

विहीणबाईंचा हात हळूच केसांकडे गेला. भाऊजी स्क्रू-ड्रायव्हरकडे बघत राहिले. तार जोडली त्यांनी, हे मला ओरडून सांगायचं होतं, पण माझ्याआधी भिंगरी बोलली.

"म्हणजे रोज मी आत असताना तुला माहीत होतं, काकू."

त्याच दुपारी वायरमननं गिझर उतरवला. कॉइल फुटलेली निघाली. नवा गिझर आला, सेफ्टी स्विच परत जागेवर बसला. मशिनी हलवायचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही. खोली माझीच राहिली. जाऊबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि मला वाटलं, चला, जिंकले.

पण सूड कसा घ्यावा हे जाऊबाईंकडून शिकावं. त्यांनी घराला नवा नियम लावून दिला. खालचं कुणीही अंघोळीला निघालं, की आधी जिन्याच्या पायथ्याशी येऊन मला सांगायचं. भाऊजी सांगतात, घसा खाकरून. भिंगरी सांगते, वर न बघता. आलेला पाहुणासुद्धा सांगतो, का ते त्याला बहुतेक नीट समजावलेलं असतं. आणि सगळ्यात शेवटी जाऊबाई, नेमक्या माझ्याकडे गिऱ्हाइकं बसलेली असताना. आवाज अगदी मऊ.

"अंघोळीला चाललेय गं. चालेल ना?"

गिझर नवा आहे, स्विच जागेवर आहे, इस्त्रीनं आता काही होत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. गिऱ्हाइकं माझ्या तोंडाकडे बघतात. मी इस्त्रीचा प्लग काढते, 'चालेल' म्हणते, आणि खाली कडी परत उघडेपर्यंत कापड मांडीवर घेऊन बसून राहते.