यकृतावरचे तीन डाग

शिंपीणबाईंचं पित्ताशय काढायला दीड तास लागेल, असं सर्जनबाईंनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. पोटाला चार बारीक भोकं, त्यातून दुर्बीण आत, खड्यांनी भरलेली पिशवी बाहेर. "टाके सरळ घाला हं," शिंपीणबाई टेबलावर आडव्या होताना म्हणाल्या, "नाहीतर उसवून पुन्हा घालायला लावीन." भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हसू आवरेना.

आत मात्र सगळं एकमेकांना चिकटून बसलं होतं. पित्ताशय कुठे संपतं आणि नलिका कुठे सुरू होते, ते कॅमेऱ्यातून कळत नव्हतं. अंदाजाने कापणं सर्जनबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी सोनोग्राफीचा बारीक, लांब प्रोब मागवला, भोकातून आत सरकवला आणि आतल्या अवयवांवरच टेकवला.

नलिका सापडली. पण पित्ताशयाची भिंत एका जागी जाड होती, आणि ती जाडी यकृतात घुसली होती. त्यांनी प्रोब यकृतावरून फिरवला. एक डाग. दुसरा. थोडं वर तिसरा. महिन्यापूर्वीच्या सोनोग्राफीत यातलं काहीच दिसलं नव्हतं.

सिस्टरने पिशवीसाठी बरणी पुढे केली.

"नको," सर्जनबाई म्हणाल्या. "हा कॅन्सर दिसतोय. आता पिशवी फोडली तर पोटभर पसरेल."

एका डागाचा तुकडा तपासणीला घेऊन त्यांनी पोट बंद केलं.

बाहेर शिंपीणबाईंचे यजमान उभे राहिले. बस चालवून चालवून त्यांना सतत घड्याळाकडे बघायची सवय लागली होती. "पन्नास मिनिटांत झालंसुद्धा? बरं झालं की."

सर्जनबाईंनी त्यांना खुर्चीत बसवून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिला सांगू नका."

"रिपोर्ट येईपर्यंत थांबते. पुढे नाही."

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन त्या खाटेपाशी आल्या, तर शिंपीणबाईच म्हणाल्या, "शेजारणीला तिचे खडे बाटलीत घालून दिले होते. माझे कुठायत? हे म्हणतात, सगळे निघाले."

यजमान खिडकीबाहेर बघत राहिले. सर्जनबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी सांगितलं.

शिंपीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"आणि तीन दिवस काही न सांगता मला पेज भरवत होतात."

त्या दिवशी त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. पुढे बोलू लागल्या, पण कामापुरतंच. औषधाचे दोन डोस झाले, तिसरा सोसवला नाही. चौथ्या महिन्यात त्या गेल्या.

महिनाभराने यजमान दवाखान्यात आले आणि नंबर लावून बसले. आत गेल्यावर म्हणाले, "तो प्रोब घातलाच नसता, तर?"

"तरी आजार होताच."

"ते कळतं मला. पण थोडे दिवस तरी ती माझ्याशी धड बोलली असती ना?"

"कदाचित," सर्जनबाई म्हणाल्या.

त्या आणखी काही बोलतील म्हणून ते थांबले. बाहेर सिस्टरने पुढचा नंबर पुकारला, तरी ते उठले नाहीत.