तांबड्या कुंडातले काळे टॉवेल

त्या दुपारी जपानातल्या आमच्या सराईत, गरम झऱ्याच्या तांबड्या कुंडाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. टॉवेलनं रोग ओढून काढणाऱ्या गेन्साई गुरुजींनी एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या पाठीवरून पिवळसर टॉवेल फिरवला, गरम पाण्यात बुडवला आणि वर काढला. काळाकुट्ट!

"हा पाहा रोग," गुरुजी म्हणाले. "हाडांत दडून बसला होता मेला. डॉक्टरांना सापडला नाही, माझ्या टॉवेलला सापडला." लोकांनी कमरेत वाकून नमस्कार केले.

मी शिगे. तीस वर्षं ही कुंडं घासतेय. मला शेवाळ सापडलं, रोग कधी नाही. हसून सोडलंही असतं. पण माझ्या नवऱ्यानं, एइकिचीनं, तीन दिवसांपूर्वी गुरुजींकडून छाती पुसून घेतली आणि हृदयाच्या गोळ्या चुलीत टाकल्या. आज चार पायऱ्या चढला नि धापा टाकत कुंडाच्या कडेला बसला.

"अहो, नव्या गोळ्या आणल्यात, घ्या ना."

"रोगच गेला, आता गोळ्या काय मांजराला घालू?"

माझं डोकंच फिरलं. आमच्यात कुंडात टॉवेल बुडवणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. टॉवेल डोक्यावर ठेवायचा, पाण्याला लावायचा नाही. गुरुजींनी बुडवला तर मात्र तो उपचार. त्यामुळे बुडवल्यावर काय होतं, हे आमच्यात कुणी पाहिलंच नव्हतं. गुरुजींचं दुकान आमच्या शिष्टाचारावर चाललं होतं.

मी त्यांच्या टोपलीतला कोरा टॉवेल उचलला, लाकडी खांबावरून फिरवला आणि सरळ कुंडात बुडवला. काळाकुट्ट.

"गुरुजी, खांबाला हृदयविकार झालाय की संधिवात?"

"तुझ्या हातांची अशुद्धी आहे ती, बाई."

"बरं." मग त्याच हातांनी माझा स्वतःचा टॉवेल बुडवला. जरासा तांबूस झाला, बस्स.

गुरुजींच्या टॉवेलला कडक चहाचा वास येत होता. मी बादलीत कुंडाचं पाणी घेतलं, त्यात कपभर हिरवा चहा ओतला. पाणी शाईसारखं काळं झालं. "या पाण्यात लोह आहे," मी म्हटलं, "आणि याचे टॉवेल चहात उकळलेले. लोह आणि चहा भेटले की काळा रंग होतो. आपल्या पणज्या लोखंडाच्या पाण्यानं दात काळे करायच्या, ते असंच काहीसं."

गुरुजी टोपली आवरू लागले.

"म्हणजे माझा रोग?" एइकिचीनं हळूच विचारलं.

"आहे तिथंच आहे. छातीत."

त्यानं हात पुढे केला. मी त्यावर गोळी ठेवली.

बाबांनो, खरी गोष्ट कुणाच्याही हातून, कितीही वेळा करून पाहता येते. करून बघायला लाजू नका. तुमच्या लाजेपायी घरचं माणूस जातं.